वजन एक, शब्द तीन

गेल्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. बडनेऱ्यात सकाळपासून पाऊस लागला होता. शाळा सुटली होती आणि आम्ही हजेरीची वही आवरत होतो. तेवढ्यात एक पालक मुलाला घेऊन दारात उभे राहिले. मुलगा आमचाच विद्यार्थी. उर्दू माध्यमातून दहावी झालेला, विज्ञानात चांगले गुण मिळवून अमरावतीला अकरावी सायन्सला गेलेला. वडील बाजार समितीत मापारी आहेत. त्यांचे सारे आयुष्य काट्यासमोर गेले. सलाम-दुआ झाली, खुशाली विचारून झाली आणि ते हळूच म्हणाले, "सर, इसका नाम आर्ट्स में डलवाना है. सायन्स नहीं जमता बोलता."

मुलगा मान खाली घालून उभा होता. आम्ही त्याला बाकावर बसवले आणि विचारले, "क्या नहीं जमता बेटा?"

"सर, वहाँ हर सवाल में ग्रॅव्हिटी आती. सर बोलते, ये तो तुमने दसवीं में पढा है. सब लडके हाँ बोलते. मराठीवाले लडके आपस में गुरुत्वाकर्षण, गुरुत्वाकर्षण करते. अपन ने तो दोनों नहीं पढे."

"और कशिशे-सिक्ल?"

"वो तो पढी सर. पूरा सबक याद है." आणि त्याने खरोखरच म्हणून दाखवले. विश्वातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. वस्तुमान वाढले की ओढ वाढते. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते. सगळे बरोबर, सगळे अस्खलित उर्दूत.

"बेटा, वहीच ग्रॅव्हिटी है. और वहीच गुरुत्वाकर्षण."

तो आमच्या तोंडाकडे पाहतच राहिला. जो धडा त्याच्या डोक्यात वर्षभर पक्का बसलेला होता, तोच धडा येत नाही म्हणून तो महिनाभर मागच्या बाकावर गप्प बसला होता. दाराची पाटी तेवढी बदलली होती, आणि हा आपल्याच घराबाहेर उभा राहिला होता.

बापलेक गेले, पण आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. कारण त्याच्या दोन वर्षे आधी आमची एक विद्यार्थिनी अशीच सायन्सला गेली होती. तिने चार महिन्यांत शाखा बदलली. घरच्यांनी सांगितले, "पोरीला झेपलं नाही." आम्हीही मान डोलावली. तिला नेमके काय झेपले नाही, हे आम्ही विचारले नाही. या मुलाचे वडील दारात आले म्हणून कारण कळले. तिच्या वेळी कोणी आले नाही, आणि आम्हीही गेलो नाही. शाळेत दहा वर्षे कशिशे-सिक्ल शिकवताना फळ्यावर बाजूला 'गुरुत्वाकर्षण' आणि 'ग्रॅव्हिटी' हे दोन शब्द लिहायला आम्हाला किती खडू लागला असता?

म्हणून या महिन्यात वाचकांपुढे आम्ही हा एकच शब्द ठेवतो आहोत. तो आपल्या घरात, बाजारात, दवाखान्यात, मशिदीत आणि आकाशात कोठे कोठे भेटतो, ते पाहू.

गुरू म्हणजे जड

संस्कृतात 'गुरु' या शब्दाचा पहिला अर्थ आहे जड. शिक्षक हा अर्थ त्यातूनच आला. ज्याच्या शब्दाला वजन आहे, तो गुरू. 'गुरुत्व' म्हणजे जडपणा आणि 'गुरुत्वाकर्षण' म्हणजे त्या जडपणाची ओढ. सातवीच्या वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले होते, "सर, गुरुत्वाकर्षण म्हणजे गुरुजींचं आकर्षण का?" वर्ग हसला. पण मुलाने अर्धे खरे सांगितले होते.

मराठी व्याकरणात हा 'गुरू' आणखी एका ठिकाणी भेटतो. वृत्त ओळखताना आपण अक्षरांवर लघू-गुरूच्या खुणा करतो. हलके अक्षर लघू, जड अक्षर गुरू. गंमत अशी की उर्दू शायरीतही कवितेचे माप सांगताना 'वजन' हाच शब्द वापरतात. शेर वजनात आहे की नाही, असे उस्ताद विचारतात. दोन वेगळ्या परंपरा, पण दोन्हींनी कविता तराजूतच घातली.

इंग्रजीतली 'ग्रॅव्हिटी' लॅटिनमधल्या 'ग्रॅव्हिस' या शब्दावरून आली. त्याचाही अर्थ जड. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की 'गुरु' आणि 'ग्रॅव्हिस' हे एकाच फार जुन्या शब्दाचे वंशज आहेत. ग्रीक भाषेतला 'बॅरिस' हा त्यांचाच भाऊ. हवेचा दाब मोजणारे बॅरोमीटर त्याच घरातले. म्हणजे मराठी मुलाचे 'गुरुत्व' आणि इंग्रजी पुस्तकातली 'ग्रॅव्हिटी' हे सख्खे नातेवाईक आहेत. फक्त हजारो वर्षे भेट नव्हती.

मात्र सारखा दिसणारा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. इंग्रजीत कबरीला 'ग्रेव्ह' म्हणतात. तो शब्द 'खणणे' या अर्थाच्या दुसऱ्याच मुळातून आला आहे. आणि मुले ज्यावरून हसतात ती भाजीची 'ग्रेव्ही' तर या कुटुंबात कोठेच बसत नाही.

आता आपली उर्दू. 'कशिश' हा फारसी शब्द, 'कशीदन' म्हणजे ओढणे यावरून आला. 'सिक्ल' हा अरबी शब्द, अर्थ जडपणा. कशिशे-सिक्ल म्हणजे जडपणाची ओढ. मराठीतल्या गुरुत्वाकर्षणाशी अक्षरशः तंतोतंत जुळणारा शब्द! ज्या मुलाला हे एकदा फोडून सांगितले, तो पुन्हा कधी चुकणार नाही.

संजीदा म्हणजे तोललेला

जडपणाचा शब्द वस्तूवरून माणसावर कसा आला, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. उर्दूत शांत, समजदार माणसाला आपण 'संजीदा' म्हणतो. फारसीत 'संजीदन' म्हणजे तोलणे. संजीदा म्हणजे तोललेला. बोलण्याआधी ज्याने आपले शब्द तोलले तो संजीदा.

'वकार' हा शब्द अरबी. त्याच मुळातून 'विक्र' म्हणजे जड ओझे हा शब्द होतो आणि 'वक्र' म्हणजे कानाचा जडपणा, बहिरेपण. पवित्र कुरआनात हे तिन्ही शब्द आले आहेत. वकार सूरह नूहमध्ये आहे. जे सत्य ऐकायला तयार नाहीत, त्यांच्या कानांतल्या जडपणाचा उल्लेख सूरह अनआममध्ये आहे. एकाच मुळातून प्रतिष्ठाही निघते आणि बहिरेपणही. जडपणा स्वभावात उतरला तर वकार. कानात साचला तर माणूस कोणाचे ऐकेनासा होतो. घरातल्या मोठ्यांनी यावर जरूर विचार करावा. आम्हीही करतो.

मराठीने येथे वेगळा रस्ता धरला. 'गंभीर' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ जड नाही, खोल आहे. खोल पाणी ते गंभीर. म्हणजे उर्दूने समजदार माणूस तराजूत पाहिला आणि मराठीने तो विहिरीत पाहिला. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण त्याच विहिरीवरची.

आणि मराठीतले रोजचे शब्द पाहा. वजन अरबीतून आले, तराजू फारसीतून. 'पोक्त' माणूस हा फारसीतल्या 'पुख्ता'चा, म्हणजे पिकलेल्याचा, मराठी अवतार. 'पासंग' हाही फारसीच. तराजूची दोन पारडी समान नसतील तर हलक्या बाजूला जो लहानसा खडा किंवा तुकडा बांधतात, तो पासंग. त्यावरून मराठीत म्हणतात, "तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही." हे वाक्य बोलताना आपण अरबी-फारसी बोलत आहोत असे कोणा वऱ्हाडी शेतकऱ्याला वाटत नाही, वाटण्याचे कारणही नाही. तो शब्द आता त्याचाच आहे.

जडपणाचा एक अर्थ आई होणाऱ्या स्त्रीशी जोडलेला आहे. आपल्या घरात बायका हळू आवाजात म्हणतात, "उसके पाँव भारी हैं." दवाखान्यातल्या फाइलवर डॉक्टर 'जी' हे अक्षर लिहून पुढे आकडा घालतात. ते अक्षर 'ग्रॅव्हिडा' या लॅटिन शब्दाचे, आणि त्याचाही अर्थ जड झालेली. कितवी गरोदरपणाची वेळ, ते त्या आकड्यावरून कळते. सूरह आराफमध्येही गर्भ वाढल्यावर स्त्री जड होते, या अर्थाचा शब्द 'सिक्ल'च्याच मुळातून आला आहे. रोमची भाषा, अरबस्तानची भाषा आणि आपल्या मोहल्ल्यातली खाला, तिघांना एकच उपमा सुचली.

सगळेच उपयोग असे सुंदर नाहीत. "साहेब, कागद उडतोय, जरा वजन ठेवा," हे वाक्यही मराठीच आहे आणि त्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. जो शब्द न्यायाच्या तराजूसाठी होता, तो लाचेसाठी वापरला जातो. शब्दाचा यात दोष नाही.

मीजान

वजन आणि मीजान, म्हणजे तराजू, हे एकाच मुळाचे शब्द. पवित्र कुरआनात तराजूचा उल्लेख केवळ दुकानापुरता नाही. सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचावण्याबरोबरच मीजान आली आहे. जणू सृष्टीची व्यवस्था आणि भाजीवाल्याचा काटा एकाच नियमाला बांधलेले आहेत. हजरत शुऐब (अ.) यांनी आपल्या कौमला ज्या गोष्टींबद्दल बजावले, त्यांत माप कमी करू नका ही गोष्ट ठळक होती. सूरह मुतफ्फिफीनचे तर नावच मापात लबाडी करणाऱ्यांवरून आहे.

'सिक्ल'चे कुटुंबही तेथे भेटते. सूरह मुज्जम्मिलमध्ये वह्यीला जड वाणी म्हटले आहे. सूरह कारिआमध्ये ज्यांचे पारडे जड भरेल त्यांची गोष्ट आहे. सूरह जिल्जालमध्ये जर्राभर चांगले आणि जर्राभर वाईट यांच्या वजनासाठी 'मिस्काल' हा शब्द आहे. हाच मिस्काल सोने तोलण्याचे मापही होता. जकातीसाठी सोन्याचा निसाब २० मिस्काल आहे. आपल्याकडे तो साडेसात तोळे असा सांगितला जातो. म्हणजे रमजानमध्ये घरातले दागिने मोजताना आपण ज्या मापाने हिशेब करतो, त्याच्या नावात आणि शाळेतल्या कशिशे-सिक्लमध्ये एकच मूळ आहे. हे मुलांना सांगितले तर त्यांना विज्ञानाचे पुस्तक परके वाटणार नाही.

मुस्लिम विद्वानांनी जडपणाचा अभ्यास केवळ शब्दापुरता ठेवला नाही. अल-बिरूनीने धातू आणि रत्नांची घनता इतक्या काळजीने मोजली की त्याचे आकडे पाहून आजचे अभ्यासकही कौतुक करतात. मर्व शहरातल्या अल-खाजिनीने ११२१-२२ च्या सुमारास 'किताब मीजानुल-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. नावाचा अर्थ, शहाणपणाचा तराजू. वजन, गुरुत्वमध्य, पाण्यात वस्तू हलकी का होते, सोन्यातली भेसळ कशी ओळखावी, हे सारे त्यात आहे. अल-खाजिनी लहानपणी गुलाम म्हणून आला होता. मालकाने त्याला शिकवले आणि तो मोठा शास्त्रज्ञ झाला. मापाऱ्याच्या मुलाने हे जरूर लक्षात ठेवावे.

बडनेऱ्याहून निघणाऱ्या गाड्या

हे सारे दूरदेशी घडले असे वाटत असेल, तर बडनेरा स्थानकावरच उभे राहू. मुंबईकडे जाणारी गाडी अकोला, भुसावळ, जळगाव करत चाळीसगावला पोहोचते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एक शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे पाठशाळा काढली, तिची ती नोंद. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. पृथ्वीच्या अंगी ओढण्याची शक्ती आहे आणि त्यामुळे जड वस्तू तिच्याकडे येतात, हा विचार त्यांनी मांडला आहे. त्यांच्याही आधी सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी असा विचार मांडला होता, आणि त्याची नोंद अल-बिरूनीने भारतावरच्या आपल्या ग्रंथात करून ठेवली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केले. ज्ञानाला सीमा नव्हती, ती आपण नंतर घातली.

पण येथे एक सावधगिरी हवी. "न्यूटनच्या आधी हे आमच्याच लोकांनी शोधले" असे दोन्हीकडचे लोक छाती फुगवून सांगतात. जड वस्तू पृथ्वीकडे ओढली जाते, हे म्हणणे वेगळे. आणि झाडावरचे फळ व आकाशातला चंद्र यांना एकच नियम लागू आहे हे गणिताने सिद्ध करणे वेगळे. ते न्यूटनने १६८७ मध्ये केले. पूर्वजांचा आदर करावा, पण तोल सांभाळून. कमी माप देणे जसे पाप, तसे वाढीव सांगणेही.

आता अकोल्याला गाडी बदलू. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी वाशीमवरून हिंगोलीला जाते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली; खर्चाचा अंदाज सुमारे २६०० कोटी रुपये. तेथे दुर्बीण नसेल. काटकोनात मांडलेले चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बोगदे असतील आणि त्यांत लेझरचा प्रकाश धावेल. दूर आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात तरंग उठतात. पाण्यात दगड पडल्यावर उठतात तसे. मराठीत त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात, उर्दूत सिक्ली अमवाज. अशी लहर पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी टिपली. तिने चार किलोमीटरच्या त्या भुजेत पाडलेला फरक अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्याही हजाराव्या भागाइतका सूक्ष्म होता. जर्राभर वजनाचा हिशेब कसा होईल, असे ज्याला वाटते, त्याने या यंत्राची माहिती घ्यावी.

आपल्याच वऱ्हाडात बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आहे. हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक पाषाण पृथ्वीच्या ओढीने आला आणि काळ्या बेसॉल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पाडून गेला. कशिशे-सिक्ल काय करू शकते हे मुलाला दाखवायचे असेल, तर लोणारच्या काठावर नेऊन उभे करावे.

आणि ही शक्ती नेहमी आदळतेच असे नाही. ती मुकाट्याने सेवाही करते. दवाखान्यात सलाईनची बाटली उंच टांगतात, ती याच शक्तीच्या भरवशावर. बाटली खाली ठेवली तर औषध नसेत जाणार नाही. गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला येते ते याच ओढीने. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात, कित्येक किलोमीटरवरून डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणले होते. वीज नाही, इंजिन नाही, फक्त उतार. त्या पाण्यावर जाते फिरायचे आणि फकीर-प्रवाशांसाठी पीठ दळले जायचे. जडपणाचा एवढा नेक उपयोग दुसरा कोणता?

कडक म्हणजे गंभीर नव्हे

आता घरात येऊ. आपल्याकडे एक समजूत आहे की बाप गंभीर असावा, म्हणजे त्याने हसू नये. शिक्षकाचा वकार राहावा म्हणून त्याने कपाळावर आठ्या ठेवाव्यात. बाप घरात आला की मुलांनी गप्प व्हावे, यालाच काही घरांत संस्कार म्हणतात. आम्हीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत असेच वागलो. वर्ग शांत असायचा आणि आम्हाला वाटायचे, काय आमचे वजन!

पण विज्ञान सांगते की गुरुत्व ढकलत नाही. चुंबक ओढतो आणि ढकलतोही. गुरुत्व फक्त ओढते. ज्याच्यापासून मुले दूर पळतात, त्याच्या अंगी वजन असेल, गुरुत्व नाही. दुसरी गोष्ट, ही ओढ परस्पर असते. पृथ्वी चेंडूला जेवढी ओढते, तेवढ्याच बळाने चेंडू पृथ्वीला ओढतो. चेंडू लहान म्हणून तो हललेला दिसतो, एवढेच. लहान मुलाच्या बाजूनेही आपल्याकडे तेवढीच ओढ असते. आपण तिची दखल घेत नाही.

नमाज उभी राहिली असली तरी धावत येऊ नये, शांतपणे आणि वकाराने यावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आणि हेच प्रेषित (स.) आपली नात हजरत उमामा (रजि.) हिला खांद्यावर घेऊन नमाज पढत. बाळाचे रडणे कानी आले तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपती घेत. त्यांच्या वकारापेक्षा मोठा वकार कोणाचा? तो मुलाच्या स्पर्शाने कमी झाला नाही. हजरत लुकमान यांनी मुलाला केलेल्या उपदेशातही चाल मध्यम ठेव आणि आवाज खाली ठेव असे आहे. वकार ही आवाज चढवण्याची गोष्ट नाही, उतरवण्याची आहे.

आमच्या त्या विद्यार्थिनीला आम्ही कधी हसून विचारले असते, तर ती बोलली असती. आमचा वर्ग शांत होता. त्या शांततेतच तिचा प्रश्न दबून गेला.

तराजू आणि काटा

काही दिवसांनी आम्ही बाजारात गेलो, तेव्हा त्या मुलाचे वडील भेटले. पोती मोजून झाली होती. त्यांनी चहा मागवला आणि विचारले, "सर, लडका बोलता चाँद पे वजन कम होता. सच है?"

आम्ही सांगितले, खरे आहे. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. येथे ६० किलो भरणारे पोते तेथे तुमच्या या इलेक्ट्रॉनिक काट्यावर १० किलो दाखवील. पण पोत्यातला दाणा एकही कमी झालेला नसेल. विज्ञानात त्या आतल्या मालाला वस्तुमान म्हणतात. वस्तुमान कोठेही बदलत नाही, वजन मात्र जागेप्रमाणे बदलते.

ते क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "और पुराना तराजू ले गए तो? दो पल्लेवाला?"

आम्ही चकित झालो. बी.एड. झालेल्यांनाही पटकन सुचत नाही असा प्रश्न मापाऱ्याने विचारला होता. आम्ही म्हणालो, "तराजू चाँद पे भी सच बोलेगा. एका पारड्यातले पोते हलके होईल, तसे दुसऱ्या पारड्यातले मापही तेवढेच हलके होईल. काटा समान राहील."

"मतलब तराजू माल देखता," ते हसून म्हणाले, "और ये मशीन जगा देखती."

वाचक भगिनी-बंधूंनो, आम्हाला जे सांगायचे आहे ते याहून नेमके आम्हाला सांगता येणार नाही. उर्दू शाळेतून मराठी किंवा इंग्रजी वर्गात गेलेले मूल म्हणजे चंद्रावर गेलेले पोते आहे. तेथे त्याचे वजन कमी भरते. आतला माल तेवढाच असतो. आपण मशीनचा आकडा पाहून म्हणतो, "पोराला झेपत नाही," आणि त्याचे नाव दुसरीकडे घालतो. आर्ट्स ही शाखा काही वाईट नाही. पण ती आवडीने घ्यावी, गैरसमजाने नाही.

यासाठी शाळेची वाट पाहू नका. दहावी झाल्यावरच्या सुट्टीत एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात उर्दू, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी शब्द. तिसराही वाटल्यास देवनागरीत लिहा. कशिशे-सिक्ल, गुरुत्वाकर्षण, ग्रॅव्हिटी. मरकजे-सिक्ल, गुरुत्वमध्य, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी. रोज पाच शब्द लिहिले तरी दोन महिन्यांत तीनशे होतात. मराठी शब्द शेजारच्या मुलाला विचारा, उर्दू शब्द त्याला सांगा. आईने वाचून घ्यावे. तिला विज्ञान यायलाच हवे असे नाही, शब्द ऐकता आला पाहिजे. शिक्षक वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, की फळ्याच्या कोपऱ्यात बाकीचे दोन शब्दही लिहा. आम्ही आता लिहितो. उशिराने सुचले, पण लिहितो.

तो मुलगा सायन्सलाच राहिला. फार चमकला असे नाही. पहिल्या चाचणीत काठावर पास झाला, दुसरीत जरा बरा. इंग्रजी अजून अडते. पण परवा बडनेरा स्थानकावर भेटला तेव्हा त्याच्या हातात ती वही होती आणि मागच्या बाकावरून तो तिसऱ्या बाकावर आला होता. आम्हाला एवढे पुरे आहे. त्या मुलीच्या घरीही आम्ही एकदा जाऊन आलो. ती बी.ए.ला आहे, खुशाल आहे. आमची चूक आम्ही तिला सांगितली. ती म्हणाली, "जाने दो सर. मेरा छोटा भाई नववी में है, उसको वो वही बना दो."

वही तिच्याच हस्ताक्षरात तयार होते आहे. अल्लाह तिच्या या नेकीचे पारडे जड करो. आमीन.